पाहुण्यांसाठी निवडलेला कोळसा

कोळशाच्या प्रयोगशाळेत नोकरी आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघायचा, मग नखांकडे. लग्नाच्या बोलणीत एका मुलाच्या आत्याने तर माझा तळहात उलटसुलट करून पाहिला. तो स्वच्छ निघाला म्हणून ती खट्टू झाली की काय, कोण जाणे. ते लग्न जमलं नाही. मुलगा पोस्टात दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचा, त्यामुळे त्याचे हात माझ्यापेक्षा काळे होते. पण ते कोणी उलटून पाहिले नाहीत.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "बाई असून अशा ठिकाणी काम केलंत, तर बाई म्हणून आलेल्या अडचणी लिहा." अडचणी होत्या. आमच्या शेडमध्ये बायकांसाठी संडास नव्हता, एवढं लिहिलं की तो विषय संपतो. मला लिहायचंय ते कोळशाबद्दल. नागपूरवर लिहायला बसलं की सगळे संत्र्यावर लिहितात. संत्रं दाबलं की काय होतं ते लहान पोरालाही माहीत आहे. कोळसा दाबला की काय होतं ते मला माहीत आहे, आणि ते शिकायला मला आमच्या घराण्यातलं पहिलं कॉलेज करावं लागलं.

बाबा नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांत हमाली करायचे. मी एम.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी अख्ख्या गोदामाला चहा पाजला. नोकरी कसली लागली ते कळल्यावर मात्र जेवताना बोलेनात. शेवटी एकदा ताटावरून हात न उचलता म्हणाले, "पोरी, पोतं मी उचललं, तुले उचला लागू नये म्हणून. आता तू कोयसा उचलणार?"

"उचलणार नाही बाबा, तपासणार."

"तपासाले काय हाये त्यात? काया हाये. झालं."

बाबांचं सोडा, पण मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांचंही कोळशाबद्दलचं ज्ञान इथेच संपायचं. काळा आहे, झालं. फार तर चमकतो की नाही एवढं बघायचे. आणि या चमकण्यानेच आमचा घात करत आणला होता.

आता आमच्या शेडमधलं यंत्र काय होतं ते सांगते. कोळसा जाळला की उष्णता मिळते, हे शेगडी पेटवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पण तो पुरता जळू न देता, अर्धपोटी ठेवून, खालून वाफ आणि प्राणवायू सोडून छळला, तर त्याचा गॅस होतो. त्या गॅसपासून खत करता येतं, शहराला चुलीसाठी देता येतो, खटपट केली तर पेट्रोलसुद्धा करता येतं. त्यासाठी आमच्याकडे दुमजली घराएवढं उंच, दुहेरी भिंतीचं पोलादी भांडं होतं. दोन भिंतींच्या मध्ये पाणी खेळायचं. तळाशी फिरती जाळी, जी राख खाली पाडत राहायची. वर कोळसा टाकायला दोन झाकणांची कोठी. वरचं झाकण उघडायचं, कोळसा भरायचा, झाकण लावायचं, कोठीतला दाब भांड्याएवढा करायचा आणि मगच खालचं झाकण उघडायचं. दोन्ही झाकणं एकदम उघडली असती तर आतला कोळसा आणि आमचे फोरमन वानखेडे असे दोघेही अंबाझरीच्या तलावात सापडले असते.

वरून पडलेला कोळसा हळूहळू खाली सरकतो. आधी वाळतो. मग त्यातून डांबर आणि धूर निघतो. उरलेल्या कोकाची, म्हणजे धूर निघून गेलेल्या कोळशाची, खाली वाफेशी गाठ पडते आणि गॅस तयार होतो. अगदी तळाशी थोडा कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेवर वरचा सगळा संसार चालतो. आणि हे सगळं घरच्या कुकरच्या वीसेक पट दाबाखाली. दाब आला की खरा स्वभाव कळतो आणि माणसाचंही तसंच असतं, असं एक वाक्य इथे यायला हवं. ते तुम्ही समजून घ्या, मी कोळशापुरतं बोलते.

त्या भांड्यात कोळसा तीन प्रकारे त्रास देतो. एक जात अशी की ऊब लागली की तडतड फुटते आणि पीठ होऊन वाट बुजवते. दुसरीची राख वितळते, मग खाली जाळीवर काचेसारखे गोळे बसतात आणि जाळी फिरेनाशी होते. तिसरी जात चिकट. ती तापली की मऊ होते, फुगते आणि शेजारच्याला धरून बसते. ही तिसरी जात सगळ्यांत कपटी, कारण साध्या हवेत तापवली तर ती शहाण्यासारखी वागते. तिच्यातलं डांबर वाफ होऊन निघून जातं. पण वरून दाब आला की डांबराला बाहेर पडता येत नाही. ते आतच राहतं आणि चिक्कीच्या पाकाचं काम करतं.

आमच्या भागातला कोळसा मातकट, दगडाळ, राखेने भरलेला. पूर्वेकडच्या खाणींतले लोक त्याला कोळसा म्हणायच्या आधी जरा थांबायचे. पण भांड्यात तो गुणी होता. फुटत नव्हता, चिकटत नव्हता, आणि राख भरपूर असली तरी सहजी वितळत नव्हती. दिसायला काही नाही, पण नांदायला चांगला. आम्ही कित्येक महिने तो चालवून पाहिला होता.

खाणवाल्यांना मात्र हे पटायचं नाही. प्रत्येक जण देखणे तुकडे निवडून आणायचा. एका कंत्राटदाराने तर नमुना मिठाईच्या खोक्यात आणला, खाली गुलाबी कागद अंथरून. मी विचारलं, "अख्ख्या खाणीत असाच निघतो?"

"खदान में तो सब कुछ निकलता है मॅडम. आप अच्छावाला जाँचिए ना."

"आणि बाकीचा?"

"वो तो ग्राहक लेता है."

त्याला मी हसून परत पाठवलं. आमच्याच साहेबांना परत कुठे पाठवणार?

तेलाचे भाव भडकल्यावर दिल्लीला कोळशाची आठवण झाली. आमच्या भागातल्या कोळशावर मोठा गॅस कारखाना काढायचा का, हे ठरवायला समिती नेमली गेली, आणि ती आमच्याकडे भांडं चालताना बघायला येणार असं ठरलं. कोळसा चालला तर कारखान्याची शिफारस होणार आणि आमचं युनिट राहणार. नाही चालला तर भांड्याला कुलूप आणि आम्ही घरी. आम्ही सगळे हंगामी होतो. बाबांची पाठ तोवर पार गेली होती, ते खाटेवरून उठून नळापर्यंत जायचे तेवढंच. घर माझ्यावर होतं. त्यामुळे दिल्लीचं धोरण वगैरे तुम्ही बघा, मला तो कोळसा चालायला हवा होता.

साल्पेकरसाहेब आमचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. धरमपेठेतल्या त्यांच्या घरी कोणी गेलं तर पाण्याचा पेला स्वतः पुसून देत. पण तोच त्यांचा रोग होता. पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी शेडला चुना मारला, आवारात कुंड्या ठेवल्या आणि चक्क एक संडास बांधून घेतला. त्याला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. मग त्यांची नजर कोळशाच्या ढिगावर गेली.

"हे असं दगडगोटे दाखवायचे का दिल्लीच्या लोकांना?" ते म्हणाले. "यातला चांगला निवडून घ्या."

आवारात कोळसा फोडायला वाडीकडच्या काही बायका यायच्या, अनुसयाबाई त्यांची मुकादम. त्या सगळ्या घमेली घेऊन बसल्या आणि काळे चमकदार तुकडे एकीकडे, मातकट दुसरीकडे असं सुरू झालं. मी तिथून जाताना अनुसयाबाईंनी हाक मारली. "काहून वं बाई, काय करून राहिले तुमचे सायेब? कोयसा निवडून राहिलो आम्ही, जसं काई वरण शिजवाचं हाये."

"पाहुणे येणार आहेत, अनुसयाबाई."

"मंग? कोयसा खातेत काय पाहुणे?"

मी साहेबांच्या खोलीत गेले. "सर, इतके महिने जो चालवला तोच चालवू या."

"अहो गजभिये, घरी पाहुणे आले तर तुम्ही तांदूळ निवडता की नाही?"

"निवडते सर. खडे खायचे नसतात म्हणून. इथे खडेच कामाचे आहेत. तो चमकणारा भागच तापल्यावर मऊ होतो. मधला मातकट त्याला सुटा ठेवतो."

"चाचणी केलीत त्या चमकणाऱ्याची? चिकटतो?"

"थोडासा. पण ती साध्या दाबावरची चाचणी आहे. भांडं साध्या दाबाचं नाही."

"दाबाखालचा आकडा आहे तुमच्याकडे?"

आकडा नव्हता. दाबाखाली चिकटपणा मोजायचं उपकरणच आमच्याकडे नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग ही शंका झाली," साहेब म्हणाले. "शंका फायलीला लावता येत नाही, गजभिये." आणि फॅन्सी कपबशा आल्या का ते बघायला निघून गेले.

समिती सकाळी आली. अध्यक्ष सेनसाहेब, उभी हयात इंधनात घालवलेले बंगाली इंजिनिअर, वयस्क, पाय ओढत चालणारे. बरोबर चारदोन अधिकारी, त्यांत श्रीवास्तव नावाचा दिल्लीचा एक तरुण, ज्याच्या बुटांची मला काळजी वाटली. निवडलेला ढीग उन्हात न्हालेल्या म्हशीसारखा चमकत होता. "धिस इज अवर विदर्भ कोल," साल्पेकरसाहेब म्हणाले, जणू स्वतः पिकवला होता. सेनसाहेबांनी एक तुकडा उचलला, फिरवून पाहिला आणि खिशात टाकला.

भांडं आधीच्या कोळशावर तापवून ठेवलं होतं. निवडलेला माल वरून सुरू झाला आणि, खरं सांगायचं तर, पहिला बराच वेळ इतका छान गेला की मलाच माझी शंका खोटी वाटायला लागली. गॅस झकास. साहेब एकेका यंत्राकडे बोट दाखवत पुढे, समिती मागे. मग वानखेडे माझ्याजवळ आले. वानखेडे कामठीचे, रेल्वेच्या बॉयलरवर हयात घालवलेला गडी, आवाज मुळातच मोठा. त्या वेळी मात्र कुजबुजले. "म्याडम, खालवरचा फरक वाढून राहिला."

भांड्याच्या तळाचा दाब आणि माथ्याचा दाब यांतला फरक म्हणजे कोळशातून वाट किती मोकळी आहे त्याचं माप. फरक वाढला म्हणजे आत काहीतरी आवळतंय. काही यंत्रांत चिकट कोळसा फोडायला आत ढवळणारा दांडा असतो. आमच्यात नव्हता, कारण चिकट कोळसा आम्ही कधी घालणारच नव्हतो.

साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "जरा धीर धरा." समितीला चहाला नेलं. आणि थोड्याच वेळात तो फरक आपोआप झपकन उतरला. साहेब दारातून डोकावले, काटा पाहिला आणि खुशीत म्हणाले, "बघा! सुटलं की नाही?"

वानखेडेही हसले. मी मात्र गॅसचा नमुना घ्यायला धावले. कोळसा सुटतो तेव्हा काटा हळूहळू उतरतो. असा एकदम उतरला तर एकच अर्थ, आतल्या घट्ट गोळ्याला कुठेतरी भोक पडलंय आणि सगळं त्या भोकातून सुसाट वर चाललंय. वाफ तर चाललीच आहे, प्राणवायूही चाललाय, कोळशाला न शिवता.

गॅस तपासायचं माझं उपकरण म्हणजे ओळीने टांगलेल्या काचेच्या बाटल्या. गॅसचा मोजका नमुना एकेका बाटलीतून फिरवायचा. प्रत्येक बाटलीतलं औषध एकेक वायू पिऊन टाकतं. जेवढा नमुना कमी झाला, तेवढं मोजनळीत पाणी वर सरकतं, आणि तेवढा तो वायू. दुसरी बाटली प्राणवायूची. तिथे काही कमी व्हायला नको, कारण प्राणवायू तळाशीच संपलेला असायला हवा. इतक्या महिन्यांत ती बाटली माझ्याकडे बेकारच होती. त्या दिवशी तिथे पाणी सरकलं. थोडंसंच. मी नळी पुन्हा धुतली, पुन्हा नमुना घेतला. या वेळी जास्त सरकलं.

पेटणारा गॅस आणि प्राणवायू एकाच भांड्यात, त्या तापमानाला, त्या दाबाखाली. याला मराठीत बॉम्ब म्हणतात. आणि आमच्या शेडच्या भिंती पत्र्याच्या होत्या. पलीकडे अनुसयाबाई आणि बाकीच्या डबे सोडून बसल्या होत्या.

"वानखेडे, प्राणवायू बंद करा. वाफ राहू द्या."

वानखेड्यांचा हात व्हॉल्व्हवर गेला आणि तिथेच थांबला. "सायेबांनी सांगतलं नाई ना, म्याडम. पाहुणे आहेत. सायेब वरडतीन."

"ओरडायला आपण सगळे उरलो तर ओरडतील."

त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि चाक गरागरा फिरवलं. त्या भांड्याचा एक कायमचा गुरगुराट असायचा, महिनोन्‌महिने ऐकून तो आम्हाला ऐकूही येत नसे. तो थांबला तेव्हा सगळ्यांना ऐकू आला. चहाच्या खोलीतून समिती कप हातात घेऊनच बाहेर आली.

साल्पेकरसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "कोणी बंद केलं?"

"मी करायला लावलं, सर. प्राणवायू वर येत होता."

ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. ते सेनसाहेबांकडे वळले आणि अगदी अदबीने इंग्रजीत म्हणाले की हा कोळसाच मुळात बेभरवशाचा, या भागातल्या कोळशाचं असंच आहे, यंत्राचा काही दोष नाही. एका अधिकाऱ्याने लगेच पेन काढलं.

मी ते पेन पाहिलं. तो शेरा एकदा कागदावर गेला की कारखाना गेला, युनिट गेलं, आणि आमचा कोळसा कायमचा नापास. आणि तो नापास कोणी केला, तर ज्यांनी त्याला नटवला त्यांनी. हंगामी माणसाने साहेबांच्या पुढे बोलू नये एवढी अक्कल मला होती. पण बोलले नाही तरी मी घरीच जाणार होते, मग बोलूनच जावं.

"सर, ये कोयला खराब नहीं है," मी सेनसाहेबांना म्हटलं. माझी हिंदी वाडीच्या ट्रकवाल्यांची, इंग्रजीपेक्षा तीच जास्त धावायची. "ये पूरा कोयलाच नहीं है. इसमें से चुनके निकाला हुआ माल है. पूरा कोयला इसमें बराबर चलता है. मैंने चलाया है."

"गजभिये!" साल्पेकरसाहेब म्हणाले.

सेनसाहेबांनी कप बशीत ठेवला. "तो बाकी का कोयला किधर है?"

साल्पेकरसाहेब कुंड्यांकडे बघायला लागले. शेवटी दारात उभ्या असलेल्या अनुसयाबाई म्हणाल्या, "काई क्यांटिनच्या मागं हाये. आन् काई तुमच्या रस्त्यात टाकला, सायेब. गड्ढे होते ना, गाडी येनार होती तुमची."

खरी गोष्ट होती. पाहुण्यांना हिसके बसू नयेत म्हणून साहेबांनी फाटकापासूनचे खड्डे त्या टाकाऊ कोळशाने बुजवून घेतले होते. ज्या विदर्भाच्या कोळशाची परीक्षा घ्यायला समिती आली, त्याच्यावरून तिची जीप आली होती.

सेनसाहेब पाय ओढत फाटकापर्यंत गेले आणि रस्त्यात वाकले. एक मातकट तुकडा उकरून काढला, धोतराला हात पुसावा तसा पँटला पुसला, आणि खिशातल्या आधीच्या चमकणाऱ्या तुकड्याशेजारी हातावर धरून उभे राहिले. पेन काढलेल्या माणसाला म्हणाले, "अभी मत लिखो." मग साल्पेकरसाहेबांना, बऱ्यापैकी प्रेमाने, "खान से जैसा निकलता है वैसाही चलाइए. मेकअप नहीं." त्यांना स्वतःला थांबता येणार नव्हतं. श्रीवास्तवला त्यांनी मागे ठेवलं, पुढचा रन, म्हणजे भांड्याची पूर्ण चाचणी, बघून यायला. श्रीवास्तवच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्याला काळ्या पाण्यावर ठेवलंय.

भांडं थंड झाल्यावर वरचं तोंड उघडलं. आतली हवा तपासल्याशिवाय मी कोणाला उतरू दिलं नाही. वानखेडे पहार घेऊन उतरले आणि आतून त्यांचा आवाज आला, "बाप्पा! ढेप हाये गा ही, ढेप!" भांड्याच्या आकाराची, गुळाच्या ढेपीसारखी एकसंध, काळीशार. मी टॉर्च टाकला. कडेला मनगट जाईल एवढं भोक, आरपार, आतून भाजून गुळगुळीत झालेलं. श्रीवास्तवला शिडीवर चढवून ते दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. खाली उतरला तेव्हा बूट काळे झालेत हे त्याच्या लक्षातही नव्हतं. ढेप फोडून काढेपर्यंत वानखेड्यांच्या माणसांनी चमकदार कोळशाला ज्या शिव्या दिल्या, त्या दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

इकडे आवारात उलटी गंगा सुरू होती. कँटीनमागचा ढीग पुढे आणून निवडलेल्यात परत मिसळायचा होता. साल्पेकरसाहेब स्वतः उन्हात उभे.

"काल निवडा म्हणे, आज मिसया म्हणे," अनुसयाबाई मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला सांगत होत्या. "उद्या पावडर लावाले सांगतीन."

"बाई, जरा हात चालवा," साहेब म्हणाले.

"चालवून राहिलो ना सायेब. पन तुम्हीच सांगा, कोनता वर आला पाह्यजे आन् कोनता खाली? आम्हाले तर आता दोन्ही सारखेच दिसून राहिले."

साहेब हसले. माझ्याकडे न बघता हसले, पण हसले. मग ते आत गेले आणि जरा वेळाने शिपायाच्या हाती एक किल्ली पाठवली, नव्या संडासाची, "बाईंसाठी." त्यांच्याकडून यापेक्षा मोठी माफी मी त्या नोकरीत कधी पाहिली नाही.

दुसरा रन सुरू झाला. श्रीवास्तव वही उघडून, पेन सरसावून, भांड्यासमोर खुर्ची टाकून बसला. त्याने ढेप पाहिली होती, त्यामुळे आता काहीतरी भयंकर होणार याची त्याची पूर्ण तयारी होती. वानखेड्यांनी खालवरचा फरक वाचला. तेवढाच. काही वेळाने पुन्हा वाचला. तेवढाच. मी बाटल्यांशी उभी. दुसऱ्या बाटलीला पाणी हलत नव्हतं. मी नमुन्यामागून नमुना घेत राहिले, गरज नसतानाही, कारण नोकरी त्या बाटलीत होती आणि मला ती नजरेआड करवत नव्हती. अशा वेळी आपण देव मानत नाही याची जरा अडचण होते.

"आता पाह्यचं काय, म्याडम?" वानखेडे म्हणाले. "जाऊन बसा ना बुढ्यावानी खुर्चीत."

"तुम्ही वाचत राहा."

"वाचून राहिलो. त्यात वाचासारखं काई नाई, एवढंच सांगून राहिलो."

श्रीवास्तवच्या वहीत सुरुवातीला दर वेळेला ओळ पडत होती. मग हिंदीत "वही", म्हणजे तेच, असं लिहून खाली फक्त खुणा यायला लागल्या. दुपारी उकाड्याने आणि त्या गुरगुराटाने त्याची मान कलली. तो खुर्चीतच गाढ झोपला, तोंड उघडं टाकून. साल्पेकरसाहेब येऊन त्याच्याकडे बघून गेले. मी त्याला उठवू दिलं नाही. गॅसच्या भांड्यासमोर पाहुण्याला झोप लागते, याहून चांगलं प्रमाणपत्र मला कुठल्या विद्यापीठाने दिलं असतं?

रन ठरल्याप्रमाणे संपवला. जाळीखालून राख निघाली ती करडी, भुरभुरीत, एक गोळा म्हणून नाही. अनुसयाबाईंनी ती बोटांनी चोळून पाहिली आणि घमेलंभर बाजूला काढून ठेवली, भांडी घासायला. मी हरकत घेतली नाही.

युनिट राहिलं. मी पुढे कायम झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. कारखाना मात्र आला नाही. तेलाचे भाव उतरले, समुद्रात वायू सापडला, दिल्लीला कोळशाचा विसर पडला. आमचा तो गुणी कोळसा आता नुसताच जाळतात. पुलावरून कोळशाची मालगाडी जाताना दिसली की अजून मला राग येतो, शिकलेल्या पोरीला कोणी धुणंभांड्याला लावावं तसा. पण "चालत नाही" असं त्याच्याबद्दल कोणाला लिहिता आलं नाही, आणि ते का लिहिता आलं नाही ते मी अजून विसरलेले नाही.

श्रीवास्तव निघाला त्या सकाळी मी त्याला जीपपर्यंत सोडायला गेले. पाय आत ठेवून तो अडखळला. चांगला मुलगा होता, थोडा ओशाळलाही होता.

"मॅडम, एक बात पूछूँ? वहाँ सब मेरा मुँह देखेंगे. मैं क्या बताऊँ? यहाँ तो कुछ हुआ ही नहीं."

मी त्याच्या हातात वही दिली, खुर्चीखाली राहिलेली.

"बस," मी म्हटलं, "यही बताइए."